प्रश्न मे महिन्यात, उत्तर जानेवारीत

व्हिक्टोरियन काळातली प्रेमपत्रं वाचायला घेतली की पहिल्या आठवड्यात हमखास एक चूक होते. दोघांची पत्रं तारखेप्रमाणे एकाखाली एक लावली जातात आणि संवाद असल्यासारखी वाचली जातात. मग तो दुष्ट वाटायला लागतो, ती आतल्या गाठीची. तिने जीव तोडून काही विचारलेलं असतं आणि त्याच्या पुढच्या तीन पत्रांत त्याबद्दल अवाक्षर नसतं. वाचणारा निष्कर्ष काढून मोकळा होतो की प्रेम आटलं. आटलेलं काही नसतं. तिचं पत्र अजून समुद्रावर असतं.

दोघं एकाच देशात असतील तर ही चूक फारशी महागात पडत नाही. एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग हे दोघे इंग्रज कवी लंडनच्याच परिसरात होते. १० जानेवारी १८४५ ला त्याचं पहिलं पत्र गेलं, १२ सप्टेंबर १८४६ ला लग्न झालं आणि मधल्या वीस महिन्यांत पावणेसहाशेच्या आसपास पत्रं झाली. लंडनात टपाल दिवसातून कितीतरी वेळा वाटलं जायचं, सकाळच्या पत्राला संध्याकाळी उत्तर मिळायचं. ती पत्रं सरळ तारखेने लावून वाचली तरी चालतं. पण एकजण लंडनला आणि दुसरी सिडनीला असेल, तर वाचायची रीतच बदलावी लागते. ती रीत बसवण्यासाठी आम्ही एक जोडपं नमुना म्हणून धरतो, कारण त्यांच्या आयुष्यातल्या जवळपास सगळ्या तारखा बाहेरून पडताळून पाहता येतात.

थॉमस हेन्री हक्सली हा जीवशास्त्रज्ञ पुढे डार्विनचा पाठीराखा म्हणून गाजला. १८४७ मध्ये मात्र तो रॅटलस्नेक या सर्वेक्षणाच्या जहाजावरचा बाविशीतला साहाय्यक शल्यवैद्य होता. जहाज त्या जुलैत सिडनीला लागलं. तिथे हेन्रिएटा हीथॉर्नची गाठ पडली आणि वर्ष संपायच्या आत दोघांचं लग्न ठरलं. ती मेहुण्याच्या घरी राहायची. पुढची तीन वर्षं जहाज ऑस्ट्रेलियाचा किनारा आणि न्यू गिनीच्या बाजूची बेटं मोजत फिरत होतं, सिडनीत मुक्काम अधूनमधून. २ मे १८५० ला रॅटलस्नेकने सिडनी सोडली. त्यानंतर दोघं एकमेकांना दिसली ती थेट मे १८५५ मध्ये, लंडनला. मधली पाच वर्षं फक्त कागद. त्यांचा पत्रव्यवहार आज लंडनच्या इंपीरियल कॉलेजकडे आहे.

आता हिशेब. शिडाच्या जहाजाने लंडन ते सिडनी साधारण चार महिने. वारा पडला तर पाच. म्हणजे मे महिन्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, सगळं सुरळीत झालं तर, जानेवारीत. हक्सली इंग्लंडला पोचला १८५० च्या ऑक्टोबरअखेरीस. तेव्हापासून मे १८५५ पर्यंत साधारण चोपन्न महिने होतात. आठ-नऊ महिन्यांचा एक फेरा धरला तर प्रश्न गेला, उत्तर आलं असे पुरे फेरे होतात जेमतेम सहा-सात. पत्रं कितीही लिहिलेली असोत, विचारून उत्तर मिळवण्याची संधी एवढीच. हा आकडा समोर ठेवला की त्या पत्रांतल्या शंकाकुशंकांचं वजन एकदम वेगळं लागतं.

म्हणून वाचनाच्या आधी तक्ता करावा. आम्ही पाच रकाने आखतो: लिहायला घेतल्याची तारीख, टपालात पडल्याची तारीख, कोणत्या जहाजाने, हाती पडल्याची तारीख, आणि शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, की हे लिहिताना समोरच्याचं कोणत्या तारखेपर्यंतचं पत्र हाती होतं. हा पाचवा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि भरला की अर्धे गैरसमज आपोआप गळून पडतात. तो भरायची किल्ली बहुधा पत्राच्या पहिल्या दहा ओळींतच असते. ‘तुझं अमुक तारखेचं मिळालं’ असं लिहायची पद्धत होती. आपल्याकडे ‘पत्र पावले, मजकूर समजला’ लिहीत, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे तो पुष्कळदा मायन्याचा भाग म्हणून यायचा, आणि इथे तो जिवावरचा प्रश्न असायचा. काहीजण पत्रांना क्रमांक घालत. चौदावं मिळालं आणि तेरावं नाही, म्हणजे ते दुसऱ्या जहाजावर असेल किंवा बुडालं असेल. क्रमांक घातलेला गठ्ठा हाती आला तर नशीब समजावं.

पहिले दोन रकाने वेगळे का, हे सांगायला हवं. परदेशी टपाल रोज निघत नसे, जहाज निघायचं तेव्हा निघायचं. त्यामुळे माणसं पत्र रोजनिशीसारखं लिहीत. आज थोडं, परवा थोडं, आणि जहाज सुटण्याची वर्दी आली की घाईघाईत शेवट. वरची तारीख ३ ची असते आणि शेवटची ओळ २६ ची. मधे मूड तीनदा पालटलेला असतो. वर ‘तुझी आठवण येते’, मधे चार दिवस काही नाही, मग एक कडू परिच्छेद, मग दुसऱ्या दिवशी त्याची माफी. आज आपण असा परिच्छेद खोडून टाकला असता. तिथे कागद मोजका, जहाज उद्या सुटणार, त्यामुळे कडू मजकूरही जायचा आणि माफीही. अशा पत्राला एक तारीख देऊन मोकळं होऊ नये. प्रत्येक नोंदीची वेगळी ओळ करावी.

नुसता वार लिहिलेली पत्रंही पुष्कळ. ‘गुरुवार, संध्याकाळ’ एवढंच. शतकी दिनदर्शिका हाताशी ठेवली की काम होतं. २ मे १८५०, रॅटलस्नेक सुटल्याचा दिवस, गुरुवार होता; २१ जुलै १८५५, दोघांच्या लग्नाचा दिवस, शनिवार. अशा पक्क्या तारखांचे खुंटे ठोकून घ्यायचे आणि मधले वार त्यांना बांधत जायचे. यातही चूक होते ती मध्यरात्रीनंतर लिहिणाऱ्यांची. ते कालचाच वार टाकतात.

जहाजांचे रकाने भरायला वर्तमानपत्रं लागतात. सिडनी मॉर्निंग हेरल्डमध्ये बंदरात आलेल्या आणि सुटलेल्या जहाजांची यादी छापून येत असे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ट्रोव्ह या संकेतस्थळावर ते अंक फुकट ठेवले आहेत. पत्रात ‘उद्या जहाज सुटतंय’ असं असेल तर त्या आठवड्याची यादी काढायची, जहाज शोधायचं, मग त्याच जहाजाची पोचल्याची नोंद दुसऱ्या टोकाच्या वर्तमानपत्रात. एका जहाजाने तीन महिन्यांची साठलेली पत्रं एकदम येतात आणि मग दोन महिने काहीच नाही, हे त्या यादीतून डोळ्यांना दिसतं. ज्या दोन महिन्यांत काहीच आलं नाही, त्या दोन महिन्यांत लिहिलेल्या पत्रांचा सूर तपासून पाहा. संशय तिथेच पिकलेला असतो.

त्या वर्षांत टपालाचा वेगही एकसारखा नव्हता. १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये आणि व्हिक्टोरियात सोनं सापडलं. तिकडे जाणाऱ्या जहाजांना तोटा नव्हता, पण बंदरात पोचल्यावर खलाशी खाणींकडे पळायचे आणि परतीला माणसं मिळेनात. म्हणजे लंडनहून गेलेलं पत्र वेळेवर आणि सिडनीहून येणारं अडकलेलं, असा एकतर्फी खोळंबा व्हायचा. १८५२ पासून पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींनी टपाल जाऊ लागलं, फेरा आखडला. लगेच १८५४ मध्ये ब्रिटन रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात उतरलं, आगबोटी फौजेच्या वाहतुकीला लागल्या आणि टपाल पुन्हा शिडांवर आलं. वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवलं नाही तर १८५४ मधली शांतता त्याला प्रेमभंगाची वाटते.

कागदाकडे येऊ. १८४० च्या आधी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. १० जानेवारी १८४० पासून देशांतर्गत अर्ध्या औंसाला एक पेनी, म्हणजे चौदा ग्रॅमला एक पेनी, असा सरसकट दर झाला. समुद्रापारचं टपाल मात्र महागच राहिलं. त्यामुळे पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिणं, आणि आडवं-उभं लिहिणं या सवयी सुटल्या नाहीत. आडवं-उभं म्हणजे पान नेहमीसारखं भरायचं, मग ते काटकोनात फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचं. पहिल्यांदा पाहिलं की जाळी दिसते, अक्षर नाही.

ही जाळी वाचायची रीत अशी. पान टेबलावर सपाट ठेवू नये. डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचलावं आणि वाचायच्या ओळींच्या दिशेने तिरकं धरावं. तिरक्या नजरेला आडव्या ओळी जवळजवळ येतात आणि दुसरा थर पुसट होतो. छायाचित्र असेल तर पडद्यावर ते नव्वद अंशांत फिरवून दोन प्रती शेजारी लावाव्यात. एक थर पूर्ण उतरवून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. दोन्ही एकदम वाचणारा माणूस तिसऱ्या ओळीत दुसऱ्या थराचा शब्द उचलतो आणि त्याला कळतही नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे नवं नाही. आधी हाताचं वळण ओळखायचं, मग शब्द. पहिली दोन पानं अडखळत जातात, पाचव्या पानावर ‘ट’ कसा काढतो, ‘र’ कसा काढतो हे हाताला माहीत होतं.

क्रमाचा घोळ इथेच होतो. चार पानांची घडी असेल तर दुसरा थर चौथ्या पानावर सुरू होतो असं आपण धरतो. पुष्कळजण चार पानं संपल्यावर घडी उलटून पुन्हा पहिल्या पानापासून आडवं लिहू लागत. शेवटची ता. क. तर कुठेही सापडते: समासात, घडीच्या आतल्या पट्टीवर, पहिल्या पानाच्या माथ्यावर उलटी. आणि खरी गोष्ट बहुधा त्या उलट्या ओळीत असते. वर चार पानं हवामान, सभा, कोणाची मेजवानी, आणि डोक्यावर उलटं लिहिलेलं, की तू अजूनही तोच आहेस ना.

शाई लोहयुक्त. तेव्हा काळी, आता तपकिरी, जाड रेघेच्या जागी कागद खाल्लेला. मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो तो याच शाईमुळे. जवळ पेन बाळगू नये, शिसपेन्सिल पुरते. अस्सल कागद हाताळायला मिळाला तर घडी पुन्हा पुन्हा उलगडू नये, कागद तुटतो तो घडीवरच.

मायना आणि सही यांचा एक वेगळा रकाना करणारे लोक आहेत. आम्ही करत नाही, पण लक्ष ठेवतो. लग्न ठरायच्या आधी तरुण-तरुणीने एकमेकांना पत्र लिहिणं शिष्टसंमत नव्हतं, ठरल्यावर चालत असे. तरीही पत्र घरात मोठ्याने वाचलं जाण्याची शक्यता असायचीच. म्हणून खाजगी मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर, आत घातलेला. चिठ्ठी हरवली असेल तर उरलेलं पत्र कोरडं वाटतं. ‘आतलं फक्त तुझ्यासाठी’ अशी ओळ मुख्य पत्रात दिसली आणि आत काही नसलं, तर तक्त्यात तशी नोंद करा. कोरडेपणाचा ठपका लिहिणाऱ्यावर ठेवू नका.

आता मुळातल्या शंकांकडे. त्या काळच्या लांबच्या पत्रांत सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा मजकूर म्हणजे ‘मी तुला वचनातून मोकळं करतो’. आजचा वाचक म्हणतो, याचं मन फिरलं. नव्वद टक्के वेळा, असं म्हणायचा मोह होतो, पण टक्केवारी राहू द्या; पुष्कळदा याचा अर्थ एवढाच असतो की त्याच्याकडे पैसे नाहीत. मध्यमवर्गीय पुरुषाने घर चालवण्याइतकी मिळकत दाखवल्याशिवाय लग्न करायचं नसे. किती मिळकत पुरेशी यावर १८५८ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये वाद रंगला होता, आणि वाद ज्या आकड्याभोवती होता तो वर्षाला तीनशे पौंडांचा. मिळकत नसलेल्या पुरुषाने मुलीचं तारुण्य अडकवून ठेवणं हे हलकटपणाचं मानलं जाई. म्हणून सुटका देऊ करणं हा एक रिवाज होता, जवळजवळ कर्तव्य. शिवाय पुरुषाने सरळ वचन मोडलं तर इंग्लंडात वचनभंगाचा दावा लागायचा आणि पत्रं पुरावा म्हणून कोर्टात वाचली जायची. ती तरतूद तिथे १९७० च्या कायद्याने गेली. तेव्हा असं वाक्य आलं की पाचवा रकाना बघावा आणि त्याच्या आसपास नोकरीची काय बातमी होती ते बघावं.

हक्सलीच्या बाबतीत हे लख्ख दिसतं. त्याची आशा-निराशा त्याच्या अर्जांच्या तारखांना जुळते. जून १८५१ मध्ये तो रॉयल सोसायटी या लंडनच्या मानाच्या विज्ञानसंस्थेचा सदस्य झाला, वय सव्वीस. हे सिडनीला कळायला ऑक्टोबर उजाडला. त्याच वर्षी त्याने टोरांटोच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. शिफारस देणाऱ्यांत डार्विनही होता. ती जागा अखेर विल्यम हिंक्सला मिळाली, ज्याचा भाऊ तिथल्या राजकारणात वजनदार होता. ३० नोव्हेंबर १८५२ ला हक्सलीला रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं. चार महिने जायला, चार यायला: तिचं अभिनंदन त्याच्या हाती पडायचं ते १८५३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. तोपर्यंत पदक जुनं झालेलं आणि नोकरी अजून नाहीच. ज्या माणसाला काल नकार आला त्याला आज आठ महिन्यांपूर्वीच्या यशाबद्दल शाबासकी मिळते. या उशिरा आलेल्या आनंदाने तो सुखावेल की चिडेल, हे त्या दिवशीच्या पोटदुखीवरही अवलंबून.

त्याची आई एप्रिल १८५२ मध्ये गेली. ही बातमी सिडनीला ऑगस्टच्या सुमारास पोचणार. म्हणजे हिशेबाने डिसेंबरपर्यंत, आईच्या तब्येतीची चौकशी करणारी पत्रं येतच राहू शकतात. अशी चौकशी वाचताना ‘हिला काहीच कसं वाटत नाही’ असं मनात आलं तर तक्ता उघडावा.

उशिराचा हा सापळा फक्त प्रेमातला नव्हता. रॅटलस्नेकवर असताना हक्सली लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्गविज्ञान संस्थेला एकामागून एक निबंध धाडत होता आणि काहीच उत्तर नव्हतं. नोहाने नौकेतून सोडलेला कावळा परत आला नाही, तशी गत, असं त्याने पुढे आत्मकथनात लिहिलं. १८४९ मध्ये चिडून त्याने एक मोठा निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवला. तो छापून आल्याचं त्याला कळलं १८५० च्या अखेरीस, इंग्लंडात पाऊल ठेवल्यावर. जहाज फिरतं, पत्ता स्थिर नाही, त्यामुळे चांगली बातमीसुद्धा त्याला गाठू शकली नव्हती. शांतता म्हणजे नकार, हे त्याने एकदा चुकीचं ठरलेलं अनुभवलं होतं. तरी पुन्हा पुन्हा तेच वाटतं, त्याला काय करणार.

आपल्याकडच्या वाचकाला इथे आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी आठवतात. ते लग्नानंतरचं, प्रणयाराधन नव्हे. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली तेव्हा सुएझचा कालवा होऊन चौदा वर्षं झाली होती आणि टपाल महिन्यांवरून आठवड्यांवर आलं होतं. तरी नवऱ्याच्या टोचणाऱ्या पत्राला उत्तर पोचेपर्यंत त्याचं पुढचं टोचणारं पत्र निघालेलंच असायचं. त्या पत्रांनाही हाच तक्ता लावता येतो.

हक्सलीचं कोडं सुटलं ते पैशाने. नौदलाने रजा वाढवत नेली आणि १८५४ मध्ये जहाजावर रुजू व्हायचा हुकूम काढला. तो गेला नाही, नाव कमी झालं. त्याच वर्षी एडवर्ड फोर्ब्झ हा निसर्गशास्त्रज्ञ एडिनबरोला गेला आणि लंडनच्या खाणविद्यालयातलं त्याचं काम जुलैत हक्सलीकडे आलं. पगार वर्षाला दोनशे पौंड, टाइम्समधल्या तीनशेच्या खालीच. ही बातमी सिडनीला १८५४ च्या अखेरीस पोचू शकते, आणि हीथॉर्न कुटुंब मे १८५५ मध्ये लंडनला उतरलं. मधे वेळ घालवायला जागाच नाही. हेन्रिएटा आजारी होऊन आली होती. लंडनच्या डॉक्टरांनी तिला सहा महिने दिले. हक्सली म्हणाला, सहा महिने तर सहा महिने, लग्न होणार. २१ जुलैला झालं. ती १९१४ पर्यंत जगली, त्याच्या मागे एकोणीस वर्षं.

अशा गठ्ठ्याच्या शेवटी एक तांत्रिक अडचण उरते. समोरची व्यक्ती निघाली की नाही हे इकडच्याला माहीत नसतं. निघाल्याचं कळवणारं पत्र आणि निघालेला माणूस बरेचदा एकाच जहाजातून येतात. तेव्हा शेवटचे तीन-चार महिने लिहिलेली पत्रं रिकाम्या घरी जातात आणि पुढे कधीतरी परत फिरतात, लग्न झाल्यावरसुद्धा. लखोट्यावर दोन्ही टोकांचे शिक्के, वर नव्या हाताने लिहिलेला पत्ता. गठ्ठा बांधणाऱ्याने ती बहुधा सगळ्यात खाली, लग्नानंतरच्या कागदांत घातलेली असतात. ती तिथून काढून लिहिल्याच्या तारखेला परत लावायची. ‘हाती पडल्याची तारीख’ हा रकाना मोकळा सोडायचा, कारण परत फिरून आली तेव्हा ती दोघांनी शेजारी बसून वाचली असतील, किंवा उघडलीच नसतील. लाखेचा शिक्का अखंड आहे का, तेवढं मात्र भिंगाखाली बघून घ्यावं.